पोळी ‘खाल्लो’ नव्हे, ‘खाल्ली’

पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले बेज्जूर २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. प्राणहितेपलीकडे गडचिरोली. तेथील एका मराठी स्नेह्याच्या घरी जेवताना त्यांचा लहानगा नातू म्हणाला, “आजोबा, मी पोळी खाल्लो.” सारे हसले, मला हसू आले नाही.

चूक त्या बालकाची नव्हे. तेलुगूत ‘नेनु तिन्नानु’ म्हणताना क्रियापद कर्त्यामागे जाते. मराठीचा भूतकाळ कर्माकडे पाहतो : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली.

त्याची थोरली बहीण महाविद्यालयात फ्रेंच शिकते. तिची वही मी चाळली. वर्तमानकाळी ‘झ पार्ल’, ‘त्यू पार्ल’, ‘इल पार्ल’ : मी, तू, तो, तिघांचाही उच्चार एकच, म्हणून सर्वनाम गाळता येत नाही. आपल्या ‘बोलतोस’मध्ये ‘तू’ आपोआप येतो. भूतकाळी ‘झे पार्ले’, म्हणजे मी बोललो. येथे साहाय्यक क्रियापद लागते. ‘मी गेले’ असे स्त्रीने लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते. कर्म आधी आले, तर ‘खाल्ले’ या अर्थाचे रूपही कर्माचे लिंग घेते.

“हा नियम पाठ करताना फार त्रास झाला,” ती म्हणाली.

“आणि घरचा?”

ती क्षणभर थांबली. मग धाकट्याकडे वळून सहज म्हणाली, “पोळी खाल्लीस ना रे?”

“खाल्ली,” तो म्हणाला.

वाचकहो, परमुलखात मुलांना हसू नये. त्यांच्याशी मराठीत बोलत राहावे.