ऊसवालीचं खरं, सोयाबीनवालीचंही खरं

परवा बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना दोघींची जुंपली. ऊसवाली म्हणाली, "इथेनॉल आलं म्हणून आमचं बिल तरी वेळेवर येतंय." सोयाबीनवाली फणकारली, "तुमचं भागलं गं, माझा हप्ता मात्र थकला!" मैत्रिणींनो, खरं तर दोघींचंही खरं आहे.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याला जोर आला. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. साखर विकायला कारखान्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं, इथेनॉलचे पैसे लवकर हातात येतात. म्हणून उसाची थकबाकी कमी झाली. पण ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवडाभराने ती थोडी सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली. निर्णय दिल्लीत एका दिवसात फिरतो. उसाची लागण मात्र आपण वर्षभर आधीच करून बसलेलो असतो.

आता सोयाबीनचं बघा. उसावर बंधनं आली तसा मक्यावर भर वाढला. निम्म्याहून जास्त इथेनॉल आता धान्यापासून होतं. इथेनॉल काढून मक्याचा जो चोथा उरतो, ते कोंबड्यांचं स्वस्त खाद्य. मग सोयाबीनची महाग पेंड कोण घेणार? बाहेरून येणारं खाद्यतेल, जगभरचं भरघोस पीक हीही कारणं आहेतच. पण २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना सोयाबीन त्याखालीच विकलं गेलं. बरं, मका लावावा म्हटलं, तर २०२५ मध्ये हमीभाव २,४०० रुपये आणि बाजारात त्याहून कमी!

इथेनॉल वाईट, असं मी म्हणत नाही. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर सरकारी तेल कंपन्यांनी ठरवून दिला आणि त्या दराने घेतलं. मक्याचा हमीभाव सरकार ठरवतं, पण त्या भावाने घेणारा दारात असेलच असं नाही. कारखानदाराला खात्री आणि शेतकऱ्याच्या घराला घोर, हे कसं चालेल?

आपणही उसाचं बिल, आडत्याची पट्टी स्वतः वाचायला शिकूया. चौदा दिवसांत उसाचे पैसे मिळाले नाहीत तर १५ टक्के व्याज मागता येतं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

त्या दिवशी सोयाबीनवालीचा हप्ता शेवटी ऊसवालीनेच भरला. घर चालवणाऱ्या बाईला कळतं, ते धोरण आखणाऱ्यांनाही कळायला हवं.