पगार डॉलरमध्ये, आजारपण कोणाच्या खिशात?

"जय भीम दादा, निघतो आता मी." गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका पोराचा फोन आला. अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम तो घरी बसून कंत्राटावर करतो. काम कुठूनही करता येतं, मग पोर्तुगालला जाऊन का करू नये, असं त्याच्या मनात होतं. त्याने एक्सेल शीट पाठवली. घरभाडं, किराणा, बस-मेट्रो, कर, व्हिसाची फी, घरी आईला पाठवायचे पैसे, सगळं नीट मांडलेलं. आरोग्याच्या रकान्यात एकच ओळ होती : इन्शुरन्स, ५० डॉलर.

मी विचारलं, "हा आकडा कुठून आणला?" म्हणाला, "ट्रॅव्हल इन्शुरन्सची जाहिरात होती." मी विचारलं, "आणि तुझं सिकल?" पलीकडे शांतता.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकल म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास होत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. हा पोरगा एसएस. लहानपणी वेदनेचा झटका आला की बाप त्याला उचलून रात्री-अपरात्री मेडिकलला घेऊन जायचा. आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीवर तो बरा आहे. पण परदेशात पहिल्याच हिवाळ्यात झटका आला, तर ती ५० डॉलरची पॉलिसी काय देणार? बहुधा काहीच नाही. प्रवास विमा अचानक झालेल्या अपघात-आजारासाठी असतो. आधीपासूनचा आजार त्यातून सहसा वगळलेला असतो, आणि नियमित तपासणी व औषधं त्यात नसतातच.

मित्रांनो, प्रश्न या एका पोराचा नाही. आपल्यातले शेकडो तरुण आज रिमोट कामावर आहेत, बाहेर जायची स्वप्नं बघत आहेत. त्यांनी जरूर जावं. पण देशांची तुलना करताना आपण पगार आणि भाडं बघतो. खरा प्रश्न वेगळा आहे : मी आजारी पडलो तर पैसे कोण भरणार? मी एकटा, माझा मालक, की तिथला समाज?

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे १८८३ पासून कायद्याने आरोग्य विमा आहे. नोकरदाराच्या पगाराच्या १४.६ टक्के हा मूळ हप्ता, त्यावर विमा संस्थेचा थोडा अधिभार. यातला अर्धा वाटा मालक भरतो. बायको किंवा नवरा कमावत नसेल तर तो आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे सरकारी चौकटीतली ही संस्था तुम्हाला आधीचा आजार आहे म्हणून नाकारू शकत नाही. पण तोच माणूस भारतातून फ्रीलान्सर म्हणून गेला तर? या व्यवस्थेत त्याला बहुतेक वेळा थेट शिरताच येत नाही. मग खाजगी विमा. खाजगी कंपनी आधी आजारांची यादी मागते, हप्ता वाढवते किंवा नाही म्हणते. देश तोच, रक्त तेच, आजार तोच. फरक फक्त कागदावरच्या एका शब्दाचा : 'कर्मचारी' की 'कंत्राटदार'.

ब्रिटनमध्ये रिमोट कामासाठी वेगळा व्हिसा नाही. पण नोकरीच्या व्हिसावर गेलात तर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्याला ७७६ पौंड. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे आधीच. पाच वर्षांचे ५,१७५ पौंड. वर पगारातून कर कापला जातोच. म्हणजे स्थलांतरित माणूस एकाच दवाखान्याचे दोनदा पैसे देतो, हा अन्याय आहेच. पण एकदा आत गेलात की तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सिकलच्या रुग्णाला दारातून परत पाठवत नाही.

पोर्तुगालमध्ये १९७९ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे, कायदेशीर रहिवाशाला तिथे नाव नोंदवता येतं. पण निवास परवाना हातात पडेपर्यंत महिने जातात, आणि लाखो रहिवाशांना अजून फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही. थायलंडची २००२ पासूनची सार्वत्रिक आरोग्य योजना थाई नागरिकांसाठी आहे, लॅपटॉप घेऊन आलेल्या पाहुण्यांसाठी नाही. दुबईत नोकरदाराचा विमा मालकाने काढायचा असा कायदा आहे. रिमोट कामाच्या व्हिसावर गेलात तर तो तुम्हीच काढायचा. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला रुग्णालय हाकलू शकत नाही. बिल मात्र मागून घरी येतंच.

या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. जिथे तुम्ही कामगार आहात तिथे मालकाचा वाटा आहे. जिथे तुम्ही 'स्वतंत्र व्यावसायिक' आहात तिथे मालक गायब आहे. रिमोट काम करणाऱ्याला दुप्पट-तिप्पट पगार मिळाल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या आजारपणाचा, रजेचा, म्हातारपणाचा वाटा मालकाने कधी भरलेलाच नसतो. तो पैसा बोनस नाही. तो आपलाच विम्याचा हप्ता आहे, आणि आपण तो पगार समजून खर्च करतो.

हा मालकाचा वाटा आकाशातून पडलेला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती. ते मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजही त्यात कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो आणि मालक ३.२५ टक्के. तत्त्व साधं आहे : ज्याच्यासाठी शरीर झिजतं त्याने त्या शरीराच्या दुरुस्तीत वाटा उचलायचा. आणि आज बाबासाहेबांचीच लेकरं 'मी फ्रीलान्सर आहे' असं अभिमानाने सांगत हा वाटा सोडून देतात!

कोणी म्हणेल, चौपट कमावतोस तर भर की हप्ता, रडतोस कशाला? हप्ता भरायचाच आहे. पण ज्यांच्या मागे वाडवडिलांची जमीन आणि पुण्यात दोन फ्लॅट आहेत, त्यांच्यासाठी परदेशातलं रुग्णालयाचं बिल हा एक वाईट महिना असतो. आपल्या घरात पहिल्यांदा कमावणाऱ्यासाठी तेच बिल म्हणजे बहिणीचं शिक्षण बंद आणि बाप पुन्हा सावकाराच्या दारात. आपल्याला पडायला खाली गादी नाही. म्हणून हिशोब आपणच जास्त कडक केला पाहिजे.

निघण्याआधी एवढं करा. ट्रॅव्हल इन्शुरन्सला आरोग्य विमा समजू नका. आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा घेताना आधीच्या आजाराचं कलम आधी वाचा, हप्ता नंतर बघा. आजार लपवू नका, कारण लपवलेला आजार दाव्याच्या दिवशी बाहेर येतो आणि पॉलिसी कागद होते. भारतातली पॉलिसी बंद पडू देऊ नका. पुन्हा काढाल तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होऊ शकतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. आईवडिलांचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड तपासा, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. सिकल असेल तर तपासणीचे रिपोर्ट आणि औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या.

आणि करारावर सही करण्याआधी कंपनीला एक ओळ लिहा : माझ्या आरोग्य विम्यात तुमचा वाटा किती? एकट्याने विचारलं तर कदाचित उत्तर येणार नाही. दहा जणांनी विचारलं तर द्यावं लागेल. संघटित व्हा, हे काही फक्त गिरणी कामगारांना सांगितलेलं नव्हतं.

त्या पोराने काय केलं? पोर्तुगाल सध्या थांबवलं आहे. कंत्राट सोडून जर्मनीत रीतसर नोकरीसाठी अर्ज टाकतो आहे. पगार कमी दिसेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, दिसू दे. त्यात मालकाचाही वाटा आहे.

जय भीम!