मुलाला पायी कुठवर जाता येईल?

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शाखा कोणती, शुल्क किती, वसतिगृह मिळेल का, पुढे नोकरीचे काय? हे सारे प्रश्न रास्तच आहेत. आम्ही त्यांत एका प्रश्नाची भर घालतो : त्या शहरात तुमच्या मुलाला पायी कुठवर जाता येईल? ऐकणारे गोंधळतात. ज्यांचे आजे-पणजे अनवाणी चालत जगले, त्यांना पुन्हा चालण्याचा उपदेश कशाला, असेही एखाद्याला वाटत असावे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे म्हणणे थोडे विस्ताराने मांडतो.

आमच्या प्रमाणपत्रावर औरंगाबाद असे नाव असलेले आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेले शहर आम्हांला इतिहासाच्या वर्गाइतकेच रस्त्यांनी शिकवले. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी या गावी ही नगरी वसवली. हा माणूस मूळचा हबशी. बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने निजामशाहीचा कारभार सांभाळला, मोगलांना झुंजवले आणि शहराला जमिनीखालच्या नहरींतून पाणी दिले. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये त्याने उभारलेल्या भडकल दरवाज्यापाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपला समाज तिथेच जमतो. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाचा दरवाजा आणि अस्पृश्यतेविरुद्ध लढलेल्या महामानवाचा पुतळा एकाच चौकात! पाठ्यपुस्तकात या दोघांची प्रकरणे फार लांब असतात. पायी जाणाऱ्याला ती एका दृष्टिक्षेपात भेटतात.

तिथून पुढे पाणचक्की. डोंगराकडून आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिथे जाते फिरे आणि दर्ग्यातील फकीर-यात्रेकरूंसाठी दळण होई. पलीकडे बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. बादशाही काळातील हे पुरे आज विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी भरलेले आहेत. मग विद्यापीठ, आणि त्याच्या पाठीशी डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. वेरूळ-अजिंठ्याला जायला बस लागते, भाडे लागते. ही लेणी मात्र रविवारी सकाळी निघालेल्या, खिशात चहापुरते पैसे असलेल्या मुलाचीही असतात. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका माणसाच्या उंचीचे आहेत. त्यांची केशरचना, दागिने, चेहरे निरनिराळे. सातव्या लेण्यात आगीपासून, बेडीपासून, बुडत्या जहाजापासून सोडवणारा अवलोकितेश्वर आहे. आम्ही ती शिल्पे वर्षभरात किती वेळा पाहिली याची गणती नाही. जे वारंवार पाहता येते तेच खरे कळते, असा आमचा अनुभव आहे.

हे सारे पायांच्या टप्प्यात आले, ते आपोआप आलेले नाही. निजामाच्या राजवटीत पदवीसाठी मराठवाड्यातील मुलांना बहुधा हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याने हैदराबाद कसे गाठावे? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले आणि नागसेनवन उभे राहिले. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले, राजाने भिक्षूला प्रश्न विचारले त्या संवादाची आठवण म्हणून. १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेही जवळच. वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय आणि जुने शहर एकमेकांच्या इतके निकट आल्यामुळे वर्गातला वाद चहाच्या टपरीपर्यंत आणि तिथून एखाद्या कवीच्या खोलीपर्यंत चालत जाई. दलित साहित्याला हक्काचे पान देणारे ‘अस्मितादर्श’ याच वातावरणातून निघाले, यात आम्हांला नवल वाटत नाही.

आणि विद्यापीठाच्या त्या प्रवेशद्वाराची किंमत! २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे ज्यांनी सोसली, त्यांची नातवंडे आज त्या कमानीखालून मोबाईलवर बोलत जातात. जावोत, खुशाल जावोत. पण एकदा थांबून वर पाहावे, एवढे सांगणे शिक्षकाचे काम आहे.

शहर चालता येण्याजोगे असले म्हणून ते सर्वांना राहू देते, असे मात्र समजू नये. आम्ही खोली शोधत फिरलो तेव्हा घरमालक आधी गाव विचारीत, मग आडनाव, आणि मग खोली कालच दिल्याचे सांगत. आमचे विद्यार्थी सांगतात, प्रश्न आता गोड शब्दांत येतो. म्हणूनच वसतिगृहाला आम्ही सोय म्हणत नाही. आपल्या मुलांसाठी ते शहराचे दार आहे. शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडते तेव्हा दूरच्या स्वस्त खोलीत जावे लागते, रिक्षाचे पैसे जेवणातून जातात, आणि सायंकाळचे ग्रंथालय सुटते. मुलींचे तर आधी सुटते. जुन्या दरवाज्यांच्या अरुंद कमानींतून वाहनांच्या गर्दीत वाट काढणे आज कुणालाही सोपे नाही. दिवे आणि पदपथ नसलेल्या रस्त्यावर अंधार पडल्यावर मुलीला पाठवायला आई कचरते, तिला दोष कसा द्यावा?

महामार्गालगत माळावर उभ्या राहिलेल्या चकचकीत महाविद्यालयांकडे पालकांचा ओढा आहे. तिथली इमारत चांगली असेल, शिक्षकही चांगले असतील. पण मूल बसमधून वर्गात आणि वर्गातून बसमध्ये जाते; ग्रंथालय, व्याख्यान, मोर्चा, जुन्या पुस्तकांचे दुकान यांतले काहीच त्याच्या वाटेत येत नाही. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या पिढीला हे परवडणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. दरवर्षी संस्थेला कमानी, फलक आणि पंखे भेट येतात. त्याबद्दल ऋण मानतो. पुढील काही वर्षे तो पैसा एकत्र करून विद्यापीठ आणि नागसेनवन यांच्या परिसरात चार खोल्या भाड्याने घ्याव्यात, त्यांतल्या दोन मुलींसाठी. आपल्या शाळेतून जाणाऱ्या मुलाला पहिले वर्ष तिथे राहू द्यावे. आणि नववीची सहल यंदा बसने न फिरवता भडकल दरवाज्यापासून लेण्यांपर्यंत पायी न्यावी. सकाळी सातला निघालो तर उन्हे चढण्यापूर्वी पाणचक्की आणि विद्यापीठ होते. दुपारचा डबा विद्यापीठातील झाडांखाली खावा, आणि ऊन उतरले की लेण्यांची चढण धरावी.