अहवाल आणि अब्रू

साठी उलटलेला गृहस्थ लघवीच्या तपासणीचा कागद उलगडतो. 'पस सेल्स'चा आकडा वाढलेला दिसला की त्याला अब्रूची धास्ती पडते; सारे 'नॉर्मल' दिसले की तो निर्धास्त होतो. या दोन्ही समजुती घातक आहेत. नेहमीची लघवीतपासणी लैंगिक संसर्गाचा निवाडा करीतच नाही.

पस सेल्स दाह असल्याचे सांगतात, त्याचे कारण सांगत नाहीत. उतारवयात प्रोस्टेटची वाढ, मुतखडा वा मूत्रमार्गाचा साधा संसर्ग हेही कारण असू शकते. पेशी वाढलेल्या असून कल्चरमध्ये काहीच उगवले नाही, तर क्लॅमिडियाचा आणि क्षयाचाही विचार करावा लागतो. क्लॅमिडिया व परमा यांचा छडा लावण्यास, करोनाकाळात सर्वांना परिचित झालेल्या पीसीआरच्या जातीची चाचणी लागते. तीसाठी किमान तासभर लघवी न करता पहिली धार द्यावयाची असते. कल्चरसाठी मात्र मधली. उपदंश आणि एचआयव्ही यांचे निदान प्रामुख्याने रक्तातून होते. संबंधानंतर लगेच आलेला नकारात्मक अहवाल अंतिम नव्हे. क्लॅमिडिया व परमा यांसाठी दोन आठवड्यांनी, तर उपदंश व एचआयव्ही यांसाठी त्याहून उशिरा फेरतपासणी करावी. संसर्ग ठरलाच, तर जोडीदारावरही उपचार हवेत. एरवी तो परत येतो.

हे ज्ञान दुर्मीळ राहिले ते संकोचामुळे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून हा संकोच मोडण्याचा प्रयत्न केला व त्यापायी खटलेही सोसले. आज सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये विनामूल्य उपचार मिळतात. परंतु तेथील पद्धत प्रामुख्याने लक्षणांवर बेतलेली आहे आणि क्लॅमिडिया तर अनेकदा लक्षणांविनाच वावरतो. अशा वेळी वैद्याने विचारलेला प्रश्नच उपयोगी पडतो. समोर पिकल्या केसांचा मनुष्य बसला की तोच प्रश्न भिडेपोटी गिळला जातो.

१९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. वृद्धांना हा प्रश्न सभ्यपणे विचारण्याचे शिक्षण भावी डॉक्टरांना देण्याचा आग्रह नाशिककरांनी त्याच्यापाशी धरावा. रुग्णानेही विचारावे: माझी नेमकी कोणती तपासणी झाली आणि कोणती झाली नाही? अहवालाला चारित्र्याचा दाखला मानणे थांबले, तरच त्याचा औषधोपचारासाठी उपयोग होईल.