मोत्यालाही बोटीत घ्या

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी आणि ४३ वर गेली की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्याही पुढे गेली. २०१९ला नदीकाठच्या आंबेवाडी-चिखली या गावांत अनेकांनी घर सोडायला उशीर केला, आणि त्याचं कारण गोठ्यात बांधलेलं होतं. दावणीची म्हैस मागं ठेवून शेतकऱ्याचा पाय उचलत नाही. शहरातल्या माणसाकडे गोठा नसला तरी मोत्या असतो, मांजर असतं, आणि त्याचाही पाय तिथंच अडतो.

पूर आला की एक शेरा हमखास ऐकू येतो : इथं माणसं बुडताहेत आणि तुम्हाला कुत्र्या-मांजरांचं पडलंय! ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लीन्स बुडालं तेव्हा काय झालं ते पाहावं. लोकांना शहराबाहेर नेणाऱ्या बसमध्ये प्राण्यांना मज्जाव होता. एका लहान मुलाच्या हातून त्याचं ‘स्नोबॉल’ नावाचं कुत्रं पोलिसानं काढून घेतलं, आणि पोरगं उलटी होईपर्यंत रडलं, ही बातमी देशभर गेली. त्याहून महत्त्वाचं पुढं पाहणीत कळलं. शहर न सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक, निदान काही अंशी, पाळीव प्राण्यांसाठी मागं राहिले होते. अमेरिकेनं २००६मध्ये कायदाच केला : आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरा. हा कायदा भूतदयेपोटी झाला असेल-नसेल. बचाव पथकाच्या खेपा वाचवण्याचा हिशेब त्यात नक्कीच होता. २०१८च्या केरळच्या पुरात त्रिशूरमधल्या एका बाईंनी आपल्या २५ कुत्र्यांना सोडून निघायला साफ नकार दिला. आलेली माणसं रिकामी परतली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं वेगळी सोय केली, तेव्हा कुत्र्यांबरोबर बाईही वाचल्या.

आपल्याकडे सरकारी मदतीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आहेत, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीलासुद्धा १०० आहेत. कुत्र्या-मांजराचा रकाना नाही. मेलेल्या मोत्याची भरपाई कुणी मागत नाही, मागूही नये. पण जे फॉर्मात नसतं ते बोटीतही नसतं, हा आपल्या कारभाराचा स्वभाव आहे.

ही उणीव आज स्वयंसेवी संस्था भरून काढतात. सांगली भागात ‘ॲनिमल राहत’सारखी संस्था पुराच्या पाण्यात उतरते. छपरावर अडकलेलं कुत्रं शेपूट हलवत बोटीत येत नाही. ते भेदरलेलं असतं, कडाडून चावतं. त्याला जाळीत धरायचं, पिंजऱ्यात घालायचं, जखमा धुवायच्या, लस द्यायची, मालक सापडेपर्यंत सांभाळायचं. हे हौशी पोरांचं काम नव्हे. ज्यांना फक्त व्हिडिओ काढायचा आहे त्यांनी काठावरच थांबावं. त्यांनाच वाचवायला दुसरी बोट पाठवावी लागते.

मदत करणारे आपणही काही कमी नाही. २०१९ला कोल्हापूर-सांगलीकडे जुन्या कपड्यांचे ढीग गेले होते. प्राण्यांच्या बाबतीत आपली मजल पाव-बिस्किटांच्या पुढे जात नाही, आणि तीही पाणी ओसरल्यावर. या संस्थांना हवी असते बोट, तिचं डिझेल, लाइफ जॅकेट, पिंजरे, दोर, स्वयंसेवकांसाठी रेबीजची लस, उंचावर एखादी रिकामी शेड आणि डॉक्टरचा पगार. यातलं काहीच पुराच्या दिवशी विकत आणता येत नाही. पंचगंगा ३९वरून ४३वर चढते तेवढ्या वेळातच जनावरं हलवायची असतात. देणगी त्याआधी पोचलेली असली तरच तिचा उपयोग. ऑगस्टमध्ये डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांनी फेब्रुवारीत पाकीट उघडावं. देताना संस्थेची नोंदणी बघा, गेल्या वर्षीचा हिशेब मागा, पावती घ्या; चोख संस्था त्याचा राग मानत नाही.

जिल्हा प्रशासनाला यात फार खर्च नाही. पूररेषेतल्या गावांच्या यादीत गाई-म्हशींशेजारी कुत्र्या-मांजरांचा आकडा लिहावा, निवारा केंद्राच्या आवारात त्यांच्यासाठी एक पत्र्याची शेड राखून ठेवावी, आणि प्राणिसंस्थांना मान्सूनपूर्व बैठकीला बोलवावं. पूर आल्यावर त्यांना बॅरिकेडवर अडवून ओळखपत्र मागत बसू नये, ते आधीच द्यावं.

आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी मोत्याच्या पट्ट्यावर आजच आपला फोन नंबर लिहावा. घर सोडायची वेळ आलीच आणि त्याला नेणं खरोखरच अशक्य असेल, तर निदान साखळी काढून जावं.