आधी ट्रायपॉड, मग कॅमेरा

यंदा एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या चित्रपट मंडळाला देणगी देऊ केली आणि मंडळातील मुलांनी खरेदीची यादी मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे ठेवली. अग्रस्थानी डिजिटल सिनेकॅमेरा, मग भिंगे, मग मायक्रोफोन आणि अगदी तळाशी, जे काही उरेल त्यातून, ‘स्टँड’. ही यादी खालून वर वाचावी असे माझे मत आहे. काही पालकांना ते विक्षिप्तपणाचे वाटले, म्हणून त्याची कारणे येथे मांडते.

गेल्या वर्षी याच मंडळाने भोपाळमधील वृद्ध मराठी मंडळींच्या आठवणी चित्रित करण्याचे काम हाती घेतले होते. १९४९ साली भोपाळ संस्थान भारतात विलीन झाले, ते दिवस बालपणी पाहिलेले एक आजोबा आमच्यापाशी तासभर बोलले. बोलता बोलता ते खुर्चीतून उठले आणि जुना फोटो आणावयास कपाटाकडे गेले. आमच्या मुलाने कॅमेरा त्यांच्यामागे वळविला. तो आधी हललाच नाही, आणि जोर देताच हिसका खाऊन त्यांच्याही पुढे निघून गेला. पडद्यावर दिसते ती नुसती भिंत. आजोबांचा आवाज तेवढा ऐकू येतो. पुढे पावसाळ्यात ते निवर्तले. कॅमेरा उत्तम होता, मुलाचा हातही वाईट नव्हता. दोष होता तो छायाचित्रांसाठी बनविलेल्या स्वस्त ट्रायपॉडच्या हेडचा.

असे का व्हावे? साध्या हेडमध्ये एक पृष्ठभाग दुसऱ्यावर कोरडाच घासतो. थांबलेली वस्तू हलविण्यास जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ती चालू ठेवण्यास लागतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेले तत्त्व आठवावे. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण असाच आधी अडतो आणि मग एकदम अंगावर येतो. फ्लुइड हेडमध्ये दोन पृष्ठभागांच्या मध्ये दाट द्रव असतो. काकवीत पळी फिरवून पाहा: सावकाश फिरविली तर वाट देते, घाई केली तर अडवते. हाताचा थरकाप ही एक घाईच असल्यामुळे द्रव ती गिळून टाकतो. ऑस्ट्रेलियातील एरिक मिलर यांनी १९४० च्या दशकात असे हेड बनविले. अमेरिकेतील चॅडवेल ओ’कॉनर या अभियंत्याला धावत्या वाफेच्या इंजिनांचे चित्रण करण्याचा छंद होता. त्यांचे हेड त्या छंदातून जन्मले आणि वॉल्ट डिस्ने यांच्याकडे पोहोचले. रेल्वे फलाटावर रमणाऱ्या मुलांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे!

स्थिरतेची किंमत आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर आरंभीच ओळखली होती. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. दिवसामागून दिवस, थोडे थोडे चित्रण करून अंकुराचा वेल झालेला त्यांनी पडद्यावर दाखविला. त्या अवधीत कॅमेरा केसभर ढळला असता, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. कॅमेराही हाताने दांडा फिरवून चालवावयाचा. तेव्हा त्याखाली भक्कम तिवई असणे ओघानेच आले. आज दांडा गेला, कॅमेरा हलका झाला, आणि त्याबरोबर पायांचा विसर पडला.

निवड करताना प्रथम तराजू घ्यावा. नुसत्या कॅमेऱ्याचे वजन १ किलो असले, तरी भिंग, बॅटरी, मॉनिटर आणि मायक्रोफोन चढविल्यावर ते ४-५ किलोंवर सहज जाते. हेड घ्यावयाचे ते या सजलेल्या कॅमेऱ्याच्या वजनाचे. फार मोठे हेडही कामाचे नाही. हेडच्या पोटात तोल सांभाळणारी स्प्रिंग असते. कॅमेरा पुढे कलवून हात सोडला, की तो तेथेच थांबला पाहिजे. खाली पडू लागला तर स्प्रिंग दुबळी, उसळून वर आला तर ती जरुरीपेक्षा जोरकस. डब्यावरील आकड्यांपेक्षा ही परीक्षा मला अधिक विश्वासाची वाटते, आणि ती दुकानात उभ्याउभ्या करता येते. म्हणून आपला कॅमेरा बरोबर न्यावा.

पायांच्या माथ्यावर हेडसाठी वाटी असते, ७५, १०० किंवा १५० मिलिमीटर व्यासाची. आपल्याला ७५ ची पुरे. वाटीमुळे पायांशी झटापट न करता हेड कलवून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणता येतो. तो नसला, की कॅमेरा वळविताना बड्या तलावाचे पाणी एका बाजूला सांडते आहे असे दिसू लागते. तलावावरचा वारा निराळाच शत्रू! तेथे ट्रायपॉडला वजनदार पिशवी अडकवावी. आमच्या कोंकणी घरात आई नारळ खवताना आदोळीवर बसे, तिच्या भारानेच ती आदोळी हलत नसे. त्यातलाच हा प्रकार.

मोबाइल आपोआप चित्र स्थिर करतो, गिम्बल स्वस्त मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप पालक घेतात. धावत्या मुलामागे जाण्यास गिम्बल ठीक आहे. पण वृद्ध माणूस तासभर बोलत असता तो हाती धरून उभे राहून पाहावे. खांदा आधी शरण येतो. शिवाय आज घेतलेला कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना ठरेल, तर नीट राखलेला ट्रायपॉड आज पाचवीत असलेल्यांच्या धाकट्या भावंडांनाही पुरेल. म्हणून देणगीचा तिसरा हिस्सा तरी हेड आणि पाय यांवर खर्चावा, मग कॅमेरा थोडा साधा आला तरी चालेल.

त्या आजोबांच्या ८८ वर्षांच्या भगिनी चित्रणास राजी आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत यावे, असा त्यांचा निरोप आहे. कॅमेरा तूर्त एखाद्या पालकाकडून उसना आणता येईल.