आधी चाळण, मग काँक्रीट



गेल्या दिवाळीत महाडहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला. चकल्या कुणाच्या खुसखुशीत झाल्या, पाऊस किती लांबला, वगैरे चौकशा झाल्यावर त्यांनी नेहमीचा बाण सोडला. "काय भावोजी, तुमचा तो पूल झाला का?"

"अजून नाही."

"अहो, २०१६ च्या ऑगस्टात आमचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि १६५ दिवसांत नवा उभा राहिला! तुम्ही अमेरिकेत बसून तीन वर्षं काय माती चाळताय?"

आम्ही गप्प. कारण आम्ही खरोखरच माती चाळत होतो.

आता ही भानगड काय, ते सांगतो. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात, शेतांमधून वाहणाऱ्या एका लहानशा नदीवर शंभरी उलटलेला लोखंडी सांगाड्याचा पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद. गंजामुळे वजनाची मर्यादा उतरत उतरत तीन टनांवर आलेली. म्हणजे आपली मोटार जाते, पण शाळेची बस, दुधाचा टँकर आणि आगीचा बंब जात नाही. त्यांना नऊ मैलांचा वळसा. नव्या पुलाचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि ड्रॉइंगं आमच्या टेबलावर. नदीचं नाव मात्र विचारू नका. का, ते पुढे कळेल.

पुलाला केंद्र सरकारचे पैसे किंवा परवाना लागला, की १९६६ चा नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऍक्ट लागू होतो. त्यातलं १०६ वं कलम म्हणतं, काम सुरू करण्याआधी त्या जागी काही जुनं, मोलाचं आहे का ते बघा. असेल तर कामामुळे त्याचं काय होईल याचा विचार करा आणि संबंधितांशी बोला. गंमत अशी, की "जपलंच पाहिजे" असं हे कलम म्हणत नाही. आधी बघा, विचारा, मग ठरवा, एवढंच त्याचं सांगणं.

खरं सांगायचं तर आम्हाला हा सगळा प्रकार म्हणजे कटकट वाटायची. वीस वर्षांपूर्वी इथे एम. एस. करताना मातीच्या विषयात आम्ही 'ए' मिळवला होता. माती किती वजन पेलेल, किती खचेल, पाणी किती झिरपेल, सगळं शिकलो. ती माती कुणाची, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

त्यात गावकऱ्यांची सभा झाली. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, कॉफी आणि डोनट्ससह. एक दूधवाला शेतकरी उठला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गोठ्याला आग लागली होती. बंब वळशाने आला, तोवर अर्धा गोठा आणि अकरा गाई गेल्या होत्या. तो चढ्या आवाजात बोलला नाही. आमच्याकडे बघत एवढंच म्हणाला, "आणि आता तुम्ही चार दगडांसाठी आणखी थांबायला सांगताय." हॉलमध्ये शांतता. आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मनातून आम्ही त्याच्याच बाजूचे होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही साइटवर गेलो, ते काम लवकर आटपा असं सांगायला. पुरातत्त्ववाल्या बाई आणि त्यांची चार पोरं कामाला लागली होती. दर पन्नास फुटांवर फावड्याने एक गोल खड्डा, साधारण दोन फूट रुंद. प्रत्येक थराची माती वेगळी काढायची, पाव इंचाच्या जाळीतून चाळायची, तिचा रंग रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी जुळवून लिहून ठेवायचा, आणि खड्डा पुन्हा बुजवायचा. रस्त्यालगतच्या खड्ड्यांत काय निघालं? खिळे, बाटल्यांच्या काचा, कोळशाची खंगरं, प्लॅस्टिकचा चमचा. आम्ही घड्याळाकडे बघितलं.

मग त्या नदीच्या वरच्या अंगाला, एका सपाट उंचवट्यावर गेल्या. आमच्या ड्रॉइंगमध्ये तिथे क्रेन उभी राहणार होती आणि ट्रकचा तात्पुरता रस्ता जाणार होता. तिथल्या चाळणीत दगडाच्या नखाएवढ्या कपच्या राहिल्या. काही पिवळसर तपकिरी, काही लाल. बाई म्हणाल्या, हा जॅस्पर, जवळच्या टेकड्यांत मिळतो. मुळात पिवळा असतो, तापवला की लाल होतो आणि त्याला चांगली धार काढता येते. म्हणजे कुणीतरी इथे बसून दगड भाजून हत्यारं घडवत होतं.

नदीकाठी पुराचा गाळ थरावर थर चढत जातो, त्यामुळे वरवरचे खड्डे पुरत नाहीत. म्हणून यंत्राने एक खोल चर घेतला. पाच फुटांखाली मातीचा एक काळपट पट्टा दिसला. ती एके काळची जमीन. तिच्यात कोळसा आणि उष्णतेने तडकलेले दगड, एका जागी गोळा झालेले. ती चूल होती. आम्ही जोत्यांचे पाये खूप बघितले, पण पाच फूट खाली कुणाची तरी चूल बघण्याची आमची ही पहिलीच वेळ. लवकर आटपा, हे सांगायचं राहूनच गेलं.

आता प्रश्न आला, पुढे काय? तिथेच क्रेन उभी करायची तर आधी रीतसर उत्खनन करायला हवं, म्हणजे पैसा आणि वेळ. दुसरा मार्ग जागा टाळायचा. आम्ही ड्रॉइंग पुन्हा काढलं. क्रेन आणि रस्ता नदीच्या खालच्या अंगाला, आधीच भराव पडलेल्या जमिनीवर नेला. एक छोटी संरक्षक भिंत वाढली आणि आमचे दोन आठवडे गेले. चूल होती तिथेच राहिली. अशा जागांचा ठावठिकाणा जाहीर करत नाहीत, नाहीतर रात्री चोर खणायला येतात. म्हणून नदीचं नाव नाही.

मग तीन वर्षं कशात गेली? मेहुण्यांच्या टोमण्यानंतर आम्ही फाइल काढून हिशेब मांडला. खड्डे आणि चर मिळून अकरा दिवस. अहवाल आणि पत्रव्यवहार पाच महिने, तोही डिझाइनचं काम चालू असतानाच. बाकीचा वेळ निधीची वाट बघण्यात, जमिनीच्या कागदपत्रांत, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा हलवण्यात, आणि ट्राउट माशांच्या हंगामात नदीत उतरायला बंदी असते त्यात गेला. पण शिव्या चाळणीला, कारण ती रस्त्यावरून दिसते!

ही चाळण उशिरा लावली तर काय होतं, तेही बघा. वॉशिंग्टन राज्यात हूड कनालवरच्या तरंगत्या पुलाचा अर्धा भाग बदलायचा होता. त्याचे तुकडे बांधण्यासाठी पोर्ट एंजलिस इथे किनाऱ्यावर मोठी गोदी खोदायला २००३ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात झाली. आधीच्या सर्वेक्षणात विशेष काही सापडलं नव्हतं. खोदकाम सुरू होऊन महिना झाला नाही तोच माणसांची हाडं निघाली. ते क्लालम लोकांचं सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं गाव होतं. तीनशेहून जास्त दफनं सापडली. त्या गावाचे वंशज शेजारीच राहतात. आपल्या पूर्वजांच्या अस्थी उचलल्या जाताना त्यांना बघाव्या लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये काम कायमचं थांबलं आणि कोट्यवधी डॉलर खड्ड्यात गेले.

आमच्या फाइलमधली एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. कलम १०६ प्रमाणे मूळ रहिवासी जमातींना पत्र पाठवावं लागतं. या भागातले मूळ लोक लेनापे, म्हणजेच डेलावेअर. त्यांना पत्रं कुठे जातात? ओक्लाहोमाला! इथून ढकलत ढकलत ओहायो, इंडियाना, कॅन्सस करत त्यांना तिथवर नेलं गेलं. हजार मैलांहून दूर असलेल्या ऑफिसला आम्ही एका खेड्यातल्या पुलाचा नकाशा पाठवतो आणि त्यांचं मत विचारतो. उत्तर आलं, की उंचवटा टाळलात हे बरं केलंत, आणि खोदताना आणखी काही निघालं तर आम्हाला लगेच कळवा. आपण सगळे स्वखुशीने, व्हिसा घेऊन इथे आलो. ज्यांना इथून जावं लागलं, त्यांना पत्र लिहिण्याचं काम आमच्यासारख्या परक्याच्या वाट्याला यावं, याला काय म्हणावं?

आणि मेहुण्यांचंही चूक नाही. सावित्रीला पूर होता, रात्र होती, दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. तिथे थांबणं शक्यच नव्हतं. अशा आणीबाणीत इथल्या नियमांतही मत कळवायला फक्त सात दिवसांची मुदत असते. पण म्हणूनच पूल धड उभा असताना चाळण लावायची. तो पडल्यावर बघायला कुणालाच सवड नसते. आपल्याकडेही नदीकाठ रिकामे नाहीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव आठवा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली आणि धान्याची पेवं उजेडात आणली. उताराची जागा बघून माणूस तिथेच वस्ती करतो, आणि पूलही आपण तिथेच बांधतो.

दुसऱ्या सभेला तो शेतकरी सिगारची जुनी पेटी घेऊन आला. आत नांगरताना सापडलेली दगडी बाणाग्रं, आजोबांच्या वेळेपासूनची. बाईंच्या नकाशावर त्याने एकेकाची जागा दाखवली. मग पेटी बंद करून आमच्याकडे वळला. "ते सगळं ठीक. पूल कधी?"

पुढच्या वर्षी, पानगळीच्या आत. या खेपेला आम्ही त्याच्या नजरेला नजर देऊन सांगितलं.

जुना पूलही ऐतिहासिक ठरला आहे. असा पूल पाडण्याआधी तो कुणी जपायला नेतो का हे विचारावं लागतं, त्यामुळे तो सध्या फुकट आहे. कुणाच्या परसात ओढा असेल तर कळवा. आणि तुमच्या गावात अशा सभेची नोटीस आली, तर मंडळी, जरूर जा. तिथे बोलायचा हक्क तुमचाही आहे, आणि डोनट्स बरे असतात.

पुढच्या अंकात भेटूच.